तिला घ्यायला कुणीच तयार नव्हतं

(महिला दिनानिमित्त मुलुंड इथे घेतलेल्या अभ्यासवर्गातलं हे भाषण. ध्वनिफितीवरून उतरवून घेताना बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय पत्रिकेवर फार भारदस्त दिसतो : ‘अवैध व्यापार आणि नाजूक राष्ट्रांचं स्थैर्य व विकास’. ‘नाजूक राष्ट्र’ हा जागतिक बँकेच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतला शब्द. जिथे सरकार नावापुरतं उरलेलं असतं, पोलीस, कोर्ट, दवाखाना, शाळा गावापर्यंत पोचत नाहीत आणि ज्याच्या हातात बंदूक किंवा पैसा त्याचा शब्द चालतो, अशा देशाला ते नाजूक म्हणतात. मला हा शब्द ऐकला की बाईला नाजूक म्हणणारे आठवतात. दोघांचाही सूर असा, की हा तिचा जन्मजात स्वभावच आहे, त्याला कुणाचाही हात लागलेला नाही.

मी काही आंतरराष्ट्रीय राजकारणातली तज्ज्ञ नाही. घाटकोपरला आमचं सल्ला केंद्र आहे, तिथे मंगळवारी दुपारी बसते, इतकीच माझी पात्रता. म्हणून मी सुरुवात त्या टेबलापासूनच करणार आहे. टेबलासमोर बसलेल्या एका बाईकडून मला हे ‘नाजूक राष्ट्र’ प्रकरण जेवढं कळलं, तेवढं कुठल्याच अहवालातून कळलं नाही.

ती २००२ साली आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायची. बरोबर पाच वर्षांची मुलगी. काम साधं होतं : मुलीला म्युनिसिपालिटीच्या शाळेत घालायचं होतं आणि जन्माचा दाखला नव्हता. आम्ही अशी प्रतिज्ञापत्रं रोज करत होतो. फॉर्म पुढ्यात घेतला आणि विचारलं, तुमचं गाव? ती गप्प. नवऱ्याचं नाव? पुन्हा गप्प. मग हळूहळू, तीन-चार मंगळवारांत मिळून, सगळं बाहेर आलं. गाव नेपाळात, काठमांडूच्या उत्तरेला, सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. पंधरा-सोळा वर्षांची असताना ओळखीतल्या एकानं काठमांडूला गालिच्याच्या कारखान्यात काम लावतो म्हणून नेलं. काही महिने गालिचे विणलेही. मग तोच म्हणाला, याहून चांगलं काम आहे. बस, सीमा, गोरखपूरहून रेल्वे, आणि कुर्ला टर्मिनस, म्हणजे आताचं लोकमान्य टिळक टर्मिनस. आपल्या घाटकोपरपासून ते हाकेच्या अंतरावर आहे. ते साल १९९२. तिथून टॅक्सीनं कामाठीपुरा. चार वर्षांनी एका माणसाच्या मदतीनं ती तिथून निसटली. त्याच्याबरोबर भांडुपला संसार मांडला. मुलगी झाली आणि दोन वर्षांनी तो गोरखपूरकडे गावाला म्हणून गेला तो परतलाच नाही.

आता शाळेच्या फॉर्मवर या बाईनं काय लिहायचं? भारताच्या लेखी ती परदेशी. नेपाळच्या लेखी ती नव्हतीच, कारण तिच्याजवळ नागरिकत्वाचा दाखला नव्हता. तो तिकडे सोळाव्या वर्षी मिळतो, आणि त्या सुमाराला ती पिला हाउसच्या एका गल्लीत कोंडलेली होती.

इथे मला तुम्हाला १९९६ सालात न्यायचं आहे. तुमच्यापैकी ज्या तेव्हा चळवळीत होत्या त्यांना आठवत असेल. कुंटणखान्यांत अल्पवयीन मुली ठेवल्याच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठी धाड घातली. चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास नेपाळी होत्या. शहरातल्या सरकारी वसतिगृहांत त्यांची सोय केली. सोय म्हणजे काय, हे आम्ही काही जणी कपडे-साबण घेऊन एका ठिकाणी जात होतो म्हणून पाहिलं. जिथे जागा शंभराची, तिथे किती तरी जास्त मुली. दाराला कुलूप. भाषा समजणारं कुणी नाही. एक मुलगी मला खुणेनं विचारत होती की ही नवी घरवाली कोण. ती अधीक्षकांबद्दल विचारत होती.

पुढे जे झालं ते आजच्या विषयाचं मर्म आहे. मुलींना परत पाठवायचं ठरलं तेव्हा नेपाळ सरकारनं हात आखडता घेतला. या आमच्याच देशाच्या कशावरून? कागद दाखवा. शिवाय एड्सची भीती होतीच. तिकडे त्याला सरळ ‘मुंबईचा रोग’ म्हणत. दिवस गेले, महिने गेले. इकडच्या सरकारला त्या नको होत्या, तिकडच्या सरकारला नको होत्या. शेवटी नेपाळातल्या सात स्वयंसेवी संस्था पुढे आल्या, त्यांत माइती नेपाळ, एबीसी नेपाळ अशा संस्था होत्या. आणि जुलै १९९६ मध्ये सव्वाशेच्या आसपास मुली परत गेल्या. सरकारनं करायचं काम संस्थांनी केलं.

आता एक तारीख ध्यानात घ्या. मुंबईत ही धाड पडली फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्याच महिन्यात १३ फेब्रुवारीला नेपाळात माओवाद्यांचा सशस्त्र लढा सुरू झाला. तो दहा वर्षं चालला आणि त्यात तेरा हजारांहून अधिक माणसं मेली. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी असलेलं सरकार एकच होतं. काठमांडूच्या खोऱ्याबाहेर डोंगरात रस्ता नाही, शाळा नाही, जमीन तुकड्याएवढी, आणि तामांग समाजासारख्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त वेठीला धरलेलं. राणांच्या काळात याच डोंगरांतल्या मुली राजवाड्यांत सेवेला नेल्या जात. १९५१ मध्ये राणाशाही गेली. मुली नेण्याची सवय मात्र मोडली नाही, फक्त गिऱ्हाईक बदललं. ज्या सरकारला आपल्या मुली मोजता येत नाहीत, त्याला पुढे बंडखोरही मोजता आले नाहीत.

साधारण मांडणी अशी केली जाते की देश गरीब आणि दुबळा असतो म्हणून मुली विकल्या जातात. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की मुली विकल्या जातात म्हणून देश दुबळा राहतो. हे कसं घडतं ते जरा तपशिलात बघू.

एक मुलगी सिंधुपाल्चोकहून मुंबईला पोचवायची तर दलालाला एकट्याला ते जमत नाही. गावातल्या कुणी तरी वजनदार माणसानं डोळेझाक करावी लागते. वाटेतल्या चौकीवर ‘ही माझी भाची’ हे ऐकून घेणारा शिपाई लागतो. सीमा उघडीच आहे. १९५० च्या करारापासून भारत आणि नेपाळच्या लोकांना पासपोर्टशिवाय ये-जा करता येते, आणि मी तर म्हणेन करता यायलाच हवी; लाखो गरिबांची पोटं त्यावर चालतात. पण तिथेही खुर्च्या आहेत आणि खुर्च्यांना भाव आहेत. म्हणजे एका मुलीच्या वाटेवर चार-पाच सरकारी खुर्च्या येतात आणि प्रत्येक खुर्ची थोडी थोडी विकत घ्यावी लागते. एकदा विकली गेलेली खुर्ची फक्त दलालापुरती विकलेली राहत नाही. उद्या तिथेच एखादी बाई नवरा मारतो म्हणून तक्रार घेऊन गेली, तर तिच्याकडेही तोच भाव मागितला जातो. घाटकोपर-भांडुपच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट पैशाची. त्या डोंगरांत गवताच्या छपरांमध्ये मधूनच एखादं चकचकीत पत्र्याचं छप्पर दिसायचं. ते पाहून लोक ओळखायचे की या घरची मुलगी मुंबईत आहे. हा पैसा गावात येतो तेव्हा त्याला विकासच म्हणतात. पुढारी म्हणतो, बघा, गाव सुधारलं. मग शाळा कुणी मागत नाही, दवाखाना कुणी मागत नाही. धाकट्या बहिणीची वाट तेवढी ठरून जाते. आईबापांना दोष देणं सोपं आहे. बऱ्याच जणांना मुलगी नक्की कुठे आहे हे माहीत नसायचं, काहींना माहीत असूनही विचारायचं धाडस नसायचं. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं १९९५ मध्ये मुंबईतल्या नेपाळी मुलींवर अहवाल काढला. दोन्हीकडच्या पोलिसांचे आणि अधिकाऱ्यांचे लागेबांधे त्यात स्पष्ट मांडले होते. धाड त्यानंतरची.

आता आमच्या भांडुपच्या बाईकडे परत येते. आम्ही तिला सांगितलं, गावी जाऊन नागरिकत्वाचा दाखला काढून आण. आम्हाला वाटलं, साधी गोष्ट. २००३ च्या थंडीत मुलीला शेजारणीकडे ठेवून ती गेली. दोन महिन्यांनी परत आली ती रिकाम्या हातांनी. गावच्या विकास समितीचं ऑफिस माओवाद्यांनी जाळलं होतं. त्या वर्षांत तिकडे अशी कित्येक ऑफिसं जळाली. गावचे सचिव जीव मुठीत धरून जिल्ह्याच्या गावी पळाले होते. नोंदवह्या राख झालेल्या. तिचे वडील वारले होते. बाईला दाखला हवा तर वडिलांची, नाही तर भावाची, नाही तर नवऱ्याची शिफारस लागायची. बाई स्वतःच्या नावावर त्या देशाची नागरिक होऊ शकत नव्हती. भाऊ म्हणाला, तू मुंबईहून आलीस, मी तुझ्यासाठी सही करणार नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सरकार कोलमडतं म्हणजे काय होतं? राजवाड्यात गोळीबार होतो, मंत्रिमंडळं पडतात, ते वर्तमानपत्रात येतं. बाईच्या दृष्टीनं सरकार कोलमडणं म्हणजे जळलेली नोंदवही. त्यानंतर सही फक्त भावाच्या हातात उरते. म्हणजे सरकार मागे हटलं की त्याच्या जागी स्वातंत्र्य येत नाही, त्याच्या जागी भाऊबंद येतात, नाही तर दलाल.

हाच अनुभव परत गेलेल्या मुलींनाही आला. त्यांच्यापैकी पंधरा जणींनी १९९६ सालीच काठमांडूत ‘शक्ती समूह’ सुरू केला. वोरेक नावाच्या संस्थेत त्यांचं प्रशिक्षण झालं होतं. व्यापारातून बाहेर पडलेल्या बायकांनी स्वतः चालवलेली संघटना. तिची नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं, कारण नोंदणीला नागरिकत्वाचे दाखले हवेत आणि ते काढायला पुन्हा बाप-भावाची शिफारस हवी. याच गटातल्या चरिमाया तामांग यांनी परत गेल्यावर स्वतः फिर्याद दिली. गावातल्या ओळखीच्या लोकांविरुद्ध, त्याच गावात पुन्हा तोंड दाखवायचं असताना. १९९७ मध्ये आठ जणांना शिक्षा झाली. शक्ती समूहाला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या केंद्रात आम्ही पेढे वाटले. जणू आमच्याच घरचं कार्य.

मग सरकारं काय करतात? आणि हे केवळ नेपाळचं नाही हं. दुबळं सरकार दलालाला धरू शकत नाही, म्हणून बाईलाच अडवतं. १९९८ मध्ये कुवेतमध्ये एका नेपाळी कामकरी बाईचा छळ होऊन मृत्यू झाला. लोक संतापले. सरकारनं बायकांना आखातात कामाला जायला बंदी घातली. पुढे बंदी कधी सैल झाली, कधी पुन्हा आवळली. २०१२ मध्ये तिशीच्या आतल्या बायकांना घरकामासाठी आखातात जायला मनाई झाली. बायकांचं जाणं थांबलं का? घरी चूल पेटत नाही ती बाई थांबणार कशी? त्या काठमांडूच्या विमानतळावरून जायच्या त्या उघड्या सीमेवरून भारतात उतरू लागल्या, आणि दिल्लीहून, आपल्या अंधेरीच्या सहार विमानतळावरून जाऊ लागल्या. आता त्यांची नोंद ना नेपाळकडे, ना त्यांच्या वकिलातीकडे. आधी दलालाची गरज फक्त कामापुरती होती. बंदीनंतर सीमा, मुंबईतला मुक्काम, विमानतळ, सगळ्यासाठी दलाल लागू लागला. त्याचा भाव सरकारनंच वाढवून दिला. २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला. त्यात सिंधुपाल्चोकमध्ये सर्वांत जास्त माणसं दगावली, साडेतीन हजारांच्या घरात. त्यानंतर पहिली धास्ती मला हीच वाटली की आता टिळक टर्मिनसवर कोण कोण उतरणार.

इथवर आपण शेजाऱ्यांबद्दल बोललो. ते सोपं असतं. आता आपल्या अंगणात येऊ, कारण माल जिकडे विकला जातो तो देश ‘नाजूक’ यादीत नाही. नफा इथे होतो.

नव्वदनंतर कामाठीपुरा हळूहळू आटत गेला. जमिनीचे भाव वाढले, रोगाची भीती पसरली, धाडी वाढल्या. धंदा संपला नाही, पांगला. भांडुपचं सोनापूर आधीपासून होतंच. पण आता इमारतींतले फ्लॅट, लॉज, महामार्गावरची हॉटेलं, पार्लरच्या पाट्या. जुन्या वस्तीत निदान शेजार तरी होता, आरोग्यसेविका जायच्या, संस्था जायच्या. ‘प्रेरणा’सारखी संस्था १९८६ पासून तिथल्या मुलांसाठी काम करत आलेली. बोरिवलीच्या किंवा अंधेरीच्या बंद फ्लॅटमध्ये कोण जाणार?

आणि आपल्या सरकारनंही बाईलाच अडवलं. २००५ आठवा. १५ ऑगस्ट २००५ पासून महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली. मोठ्या तारांकित हॉटेलांना मात्र सूट. कारणांत एक कारण दिलं होतं मुलींच्या व्यापाराचं. त्याच वर्षी स्त्री अत्याचार विरोधी मंचानं आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं बारमध्ये नाचणाऱ्या बायकांशी बोलून पाहणी केली. त्यांत बहुसंख्य बायका कुणी पळवून आणलेल्या नव्हत्या. घर चालवायला, ओळखीपाळखीतून आलेल्या होत्या. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पण कोर्टाचं होईपर्यंत आठ वर्षं गेली. आमच्या घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातल्या किती तरी जणींना त्या पहिल्या वर्षातच मुलांच्या शाळा सोडवाव्या लागल्या. काही दुबईला गेल्या, कुणाबरोबर ते विचारू नका. व्यापार थांबवायला आणलेल्या बंदीनं दलालांना आयत्या बायका मिळाल्या.

इथे आपल्या चळवळीतले मतभेद लपवण्यात अर्थ नाही. सांगलीच्या ‘संग्राम’ आणि ‘वॅम्प’च्या मैत्रिणी वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की धंदा करणारी प्रत्येक बाई विकली गेलेली नसते, आणि धाडी घालून तुम्ही आमचं रक्षण करत नाही, आमची वस्ती उद्ध्वस्त करता. मी १९९६ मध्ये हे मान्य केलं नसतं. ती धाड पडली तेव्हा मी आनंदानं रडले होते. आज मला वाटतं, अल्पवयीन मुलीला बाहेर काढायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध ‘सुटका’ म्हणून कुलपात ठेवणं हे तुरुंगाचंच दुसरं नाव आहे. मालाडच्या एका गेस्ट हाउसवर २०१९ मध्ये धाड घालून तीन तरुण मुलींना सुधारगृहात ठेवलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना सोडायला सांगितलं, आणि वेश्याव्यवसाय करणं हा ‘पिटा’ कायद्यानं गुन्हा नाही, सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, हे स्पष्ट केलं. या धाडींच्या बातम्यांत मालक, ग्राहक, खोली भाड्यानं देणारा यांची नावं किती वेळा वाचता? फोटो येतो तो तोंडावर ओढणी घेतलेल्या मुलींचाच.

बांगलादेशातून आलेल्या बायकांचं तर आणखी वाईट. त्यांना विकून आणलेलं असलं तरी परकीय नागरिक कायद्याखाली त्यांनाच आरोपी करत. केंद्रीय गृहखात्यानं २०१२ मध्ये राज्यांना कळवलं की व्यापाराची बळी असलेल्या परदेशी बाईवर असा खटला चालवू नये. २०१५ मध्ये भारत-बांगलादेश करारही झाला. तरी आमच्या अनुभवात, ठाण्यात पहिला प्रश्न ‘तुला कुणी आणलं?’ हा नसतो. ‘तुझा कागद कुठे आहे?’ हा असतो. त्यामुळे ती बाई कोर्टात दलालाचं नाव घेत नाही. नाव घेतलं तर स्वतः अडकणार. दलाल सुटतो, आणि पुढच्या वेळी तोच तिकडच्या गावात म्हणतो, माझं कुणी काही करू शकत नाही. खरंच सांगत असतो तो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला वाटायचं, माणसांचा व्यापार आपल्या देशात येतो, आपल्याकडून जात नाही. मग मुलुंडच्या एक आई केंद्रावर आल्या. बायकोला मारणारा मुलगा, सासूचा जाच, या नेहमीच्या तक्रारी नव्हत्या. त्यांचा पदवीधर मुलगा थायलंडला कॉम्प्युटरवरच्या नोकरीला म्हणून गेला होता आणि फोनवर कुजबुजत म्हणाला होता, आई, मला विकलंय. म्यानमारमध्ये.

म्यानमारचं सांगते, कारण आजच्या विषयाचा याहून ठळक नमुना नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्करानं सत्ता बळकावली, यादवी पेटली. थायलंडच्या सीमेवरच्या म्यावड्डी भागात सशस्त्र गटांच्या आसऱ्यानं मोठमोठी आवारं उभी राहिली. आत हजारो तरुण-तरुणी, पासपोर्ट काढून घेतलेले, दिवसाचे सोळा-सोळा तास जगभरच्या लोकांना फोनवरून फसवायचं काम. नकार दिला तर मार. फसवणुकीचा पैसा मालकांना, मालकांकडून भाडं आणि पहाऱ्याचे पैसे बंदूकवाल्यांना. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं २०२३ मध्ये एकट्या म्यानमारमध्ये अशी किमान एक लाख वीस हजार माणसं असावीत असा अंदाज दिला. त्याच वर्षी अफूच्या उत्पादनात म्यानमारनं अफगाणिस्तानला मागे टाकलं. बंदूकवाल्याला माणसं आणि अफू यांतून असा पैसा मिळत असेल, तर त्यानं शांतता का मागावी? निवडणूक का मागावी? मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं दोन दिवसांत पाचशेहून अधिक भारतीय तिथून विमानांनी आणले, एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरनं साठांहून अधिक जणांना सोडवलं आणि एजंटांना पकडलं. मुलुंडच्या त्या आईंचा मुलगा परत आला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लग्नाचं वय आहे म्हणाल्या. विकला गेलेला मुलगाही आता घराची अब्रू झाला.

आज सगळ्या जणी बाहेरच्या बातम्या वाचतात, म्हणून हेही सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचा उद्रेक झाला, सिंहदरबार जळाला, सर्वोच्च न्यायालयाची इमारत जळाली. नंतर सुशीला कार्की पंतप्रधान झाल्या, नेपाळच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान, आणि मला आनंद झाला. पण टीव्हीवर कोर्टाच्या खिडकीतून धूर निघताना पाहिला तेव्हा मला फक्त फाइली दिसत होत्या. त्यांत कुणाकुणाच्या फिर्यादी असतील.

आमच्या भांडुपच्या बाईला दाखला मिळाला, तो २००७ मध्ये. युद्ध संपलं होतं, निवडणुकीआधी सरकारनं गावोगाव पथकं पाठवून लाखो लोकांना नागरिकत्वाचे दाखले वाटले. भावानं या वेळी सही केली. बदल्यात वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचं लिहून घेतलं. ती तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवायची. २०१९ मध्ये ती गेली. टीबी.

मुलगी आमच्या प्रतिज्ञापत्रावर शाळेत गेली, दहावी झाली, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आधार कार्ड निघालं. आता अठ्ठावीसच्या पुढे आहे. मुलुंडला एका ब्यूरोमार्फत आजारी म्हाताऱ्यांची सेवा करते, बारा तासांची पाळी. तिचा जन्म मुंबईतला, पण १९८७ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळायला आईबापांपैकी एक जण भारतीय असावा लागतो. आई नेपाळी. बाप भारतीय, पण त्याचं नाव सोडून आमच्याकडे काही नाही. गोरखपूरकडच्या त्याच्या गावी आम्ही पत्रं पाठवली, एकदा एक कार्यकर्ती जाऊनही आली. त्याच्या घरच्यांनी दार उघडलं नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ओमानला घरकामाची नोकरी आहे, इथल्यापेक्षा तिप्पट पगार. पासपोर्ट लागेल. मी म्हटलं, अगं, पडताळणीला आईबापांचे कागद मागतील. ती म्हणाली, “मावशी, एजंट म्हणतो कागदांचं टेन्शन घेऊ नको, ते माझ्यावर सोड. फक्त आधार कार्ड आणि आईचा दाखला माझ्याकडे ठेव म्हणतो.”

मी विचारलं, दिलास का?

म्हणाली, आधार दिलंय. दाखला अजून दिला नाही.

मंगळवारी ती केंद्रावर येणार आहे, वकीलबाईही येणार आहेत. एजंटाचं ऑफिस अंधेरीला आहे. आधार कार्ड परत मागायला तिच्याबरोबर कुणी तरी जायला हवं, आणि दोघी-तिघी असलेल्या बऱ्या. ज्यांना मंगळवारी दुपारी तीननंतर वेळ आहे, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्या.